‘तू जा पुढे’: ४००च्या रात्री नेमकं काय मोडतं आणि सोबत कशासाठी लागते

तुम्ही लिहिलंय की २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, वेळेत झाल्या, पण ४००मध्ये रात्री अडीच वाजता, ३३० किलोमीटरवर तुम्ही सोडून दिलंत. सकाळी सहाला निघाला होतात. सोबतचा रायडर तुमच्यासाठी थांबला, त्याला तुम्ही ‘तू जा पुढे’ म्हणालात. तो गेला, आणि तुम्ही रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून गाडी मागवलीत. आता तुम्ही विचारताय की पाय कमी पडले की मन. ६००ला गट धरावा की एकट्यानं जावं. हात बधिर होणं आणि बूड सोलवटणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं का. आणि जुने रायडर ज्या सोबतीबद्दल भरभरून बोलतात ती असते कुठे, कारण तुम्हाला तर बहुतेक तास एकटंच वाटलं.

मी पंधरा-सोळा वर्षं हा प्रकार करतोय. पूर्ण केलेल्या ब्रेव्हे आहेत तशा सोडलेल्याही आहेत, आणि सोडलेल्यांनीच मला जास्त शिकवलं. त्या अनुभवातून सांगतो.

आधी साधी वजाबाकी. ४००ची मुदत २७ तास. अडीच वाजता तुमचे साडेवीस तास झाले होते, साडेसहा उरले होते आणि अंतर राहिलं होतं ७० किलोमीटर. पूर्ण एक तास झोपला असतात तरी उरलेल्या साडेपाच तासांत तासाला तेरा किलोमीटरही लागले नसते. तोवर तुम्ही, सगळे थांबे धरून, तासाला सोळाच्या सरासरीनं आला होतात. तासाला पंधरा हा साधारण मुदतीत बसायचा किमान वेग, त्या हिशेबानं ३३० किलोमीटरला २२ तास लागतात, म्हणजे तुमच्या गाठीला दीड तास होता. ब्रेव्हे हातात होती.

हे आकडे तुम्हाला टोचायला मांडलेले नाहीत. दिवसा, पोटात अन्न असताना, ही वजाबाकी तुम्ही चालत्या सायकलवर केली असती. त्या कट्ट्यावर ती जमली नाही, आणि अशा रात्री सर्वात आधी हेच जातं. पाय पुष्कळ उशिरा जातात. आधी जाते ती विचार करण्याची ताकद, आणि वाईट म्हणजे ती गेल्याचं आपल्याला कळत नाही. आपल्याला वाटतं, मी नीट विचार करून सोडतोय. तुम्हीही लिहिलंय, ‘शांतपणे ठरवलं’. त्या शांतपणावर माझा विश्वास नाही. ती शांतता मी स्वतः पाहिली आहे. भूक, थंडी आणि झोप एकत्र आली की माणूस असाच शांत होतो.

रात्री दोन ते पाच या वेळात शरीराचं तापमान दिवसातलं सर्वात खाली असतं. मेंदू झोपेची मागणी करतोच, तुम्ही कितीही तयारीचे असा. त्यात संध्याकाळपासून आपलं खाणं नकळत कमी झालेलं असतं. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली साठवलेली साखर, मावतं. एवढा साठा काही तासांतच बऱ्यापैकी उतरतो, आणि त्यानंतर सायकल चालते ती अंगातल्या चरबीवर आणि वाटेत खाल्लेल्यावर. चरबी पायांना पुरते, पण मेंदूला साखर लागते. म्हणून पाय फिरत राहतात आणि मन मात्र म्हणतं, ‘कशासाठी करतोय हे सगळं?’ हा प्रश्न मला ज्या ज्या रात्री पडला, त्यातल्या बहुतेक वेळी खाल्ल्यावर अर्ध्या तासात तो विरून गेला. तेव्हापासून माझा नियम आहे की सूर्य उगवेपर्यंत सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. आधी खायचं, अंगावर कपडा चढवायचा, पंधरा-वीस मिनिटं गजर लावून आडवं व्हायचं, मग पुढच्या कंट्रोलपर्यंत, म्हणजे वाटेतल्या हजेरीच्या थांब्यापर्यंत, जायचं. सोडायचं तर तिथे, उजेडात आणि कोणाशी तरी बोलून.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते मी कधी मोडत नाही. डोळे मिटून मान खाली जातेय, पांढरी पट्टी कधी ओलांडली ते आठवत नाहीये, तर त्याच क्षणी उतरायचं. डुलक्या खात पुढे रेटणं ही हिंमत नाही, त्यात माणसं गेली आहेत. छातीत दुखणं, लघवीचा रंग काळपट होणं, पडल्यावर डोक्याला मार बसणं, खाऊनपिऊन झोपूनही न उतरणारा गोंधळ, यातलं काहीही असेल तर ब्रेव्हे तिथेच संपते आणि डॉक्टर गाठायचा. बाकी सगळं सकाळपर्यंत थांबू शकतं. झोपेवर आणखी एक. कॉफी अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून आधी प्यायची आणि लगेच आडवं व्हायचं. उठताना ती कामाला लागलेली असते.

पोटाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, ‘संध्याकाळनंतर काही जात नव्हतं.’ माझ्या मते तुमची ब्रेव्हे तिथे गेली, रात्री अडीचला नव्हे. मेहनत चालू असताना रक्त पायांकडे आणि, ऊन असेल तर, कातडीकडे धावतं. पोटाच्या वाट्याला फार थोडं येतं. दुपारी उन्हात जोर लावलात, पाणी आणि गोड ढोसलंत, ते पोटात तसंच डुचमळत राहिलं आणि सहा-सात वाजता मळमळ सुरू झाली. जवळपास प्रत्येक नवा रायडर हे करतो. उपाय सकाळीच सुरू होतो. पहिल्या तासापासून, भूक नसताना, थोडं थोडं खायचं. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं बहुतेकांना पचतात. सवय केली तर ९०पर्यंत जाता येतं, पण ती सवय घरच्या राइडमध्ये करायची, ब्रेव्हेत नव्हे. भर उन्हाच्या दोन-तीन तासांत वेग मुद्दाम उतरवायचा. आणि मळमळ सुरू झालीच, तर वेग चांगला निम्म्यावर आणून अर्धा तास फक्त घोट घोट पाणी, मग काहीतरी खारट. गोडाचा वीट आलेला असताना आणखी गोड कोंबू नका.

पाण्याचंही असंच. साधं पाणी भरमसाट पीत राहिलं आणि मीठ गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, घड्याळाचा पट्टा रुतायला लागतो, डोकं दुखतं, मळमळतं, आणि पुढे गोंधळ वाढतो. ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात आणि माणूस आणखी पाणी पितो. पट्टा घट्ट झालाय का, हे मी रात्री दर कंट्रोलला बघतो. तहानेप्रमाणे प्या, आणि मीठ चालू ठेवा.

आता हात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूनं तळव्यात शिरणारी अल्नर नस दबते आहे. हे फार जणांना होतं. उपाय बहुतेकदा हँडलवर नसून सॅडलवर असतो. सॅडलचं नाक खाली झुकलेलं असलं की अंगाचा भार पुढे घसरतो आणि तळवे तो पेलत बसतात. सॅडल सपाट करा, हँडल जरा वर किंवा जवळ घ्या, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पकड बदला. बधिरपणा काही आठवडे राहू शकतो. राहिला किंवा पकडीतली ताकद कमी वाटली तर डॉक्टरांना दाखवा, ‘जाईल आपोआप’ म्हणत पुढची ब्रेव्हे करू नका.

बुडाचं दुखणं दोन प्रकारचं असतं आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. हाडांवर येणारा दाब सवयीनं आणि योग्य रुंदीच्या सॅडलनं कमी होतो. कातडी सोलवटणं मात्र ओलावा आणि घर्षणाचं काम आहे, त्याला सवय लागत नाही. आतून कोरडं, शिवण न बोचणारं शॉर्ट्स, निघण्यापूर्वी क्रीम, आणि ६००मध्ये अर्ध्या वाटेवर कोरडं दुसरं शॉर्ट्स. ते पिशवीत कितीही जागा खावो, न्या. दर काही मिनिटांनी पॅडलवर उभं राहून पाच-सात फेऱ्या मारायच्या, एवढ्यानं फार फरक पडतो.

मानेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ६००च्या पुढे जाणार असाल तर माहीत असू द्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ असते. १९८३ साली त्या शर्यतीत मायकेल शर्मर या सायकलपटूच्या मानेच्या मागच्या स्नायूंनी पूर्ण काम थांबवलं. डोकं वर उचलताच येईना. आज या दुखण्याला ‘शर्मर्स नेक’ असंच म्हणतात. मान जड वाटायला लागली की त्याच वेळी उतरून ती हातांनी आधार देऊन मोकळी करा, आणि त्याआधी महिनोन् महिने पाठीचा व मानेचा व्यायाम करा. एकदा मान गेली की इच्छाशक्ती कामाची नाही, कारण समोरचा रस्ताच दिसत नाही.

तुमचा खरा प्रश्न सोबतीचा आहे, असं मला तुमचं पत्र दोनदा वाचून वाटलं.

गटानं जावं की एकट्यानं, हा या खेळाच्या जन्मापासूनचा वाद आहे. १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. शार्ल तेराँ हा फ्रेंच सायकलपटू ती ७१ तास आणि काही मिनिटांत, न झोपता, जिंकला. ती शर्यत होती, म्हणजे कोणीतरी पहिला आणि बाकीचे मागे. त्यानंतर ऑडॅक्सची पद्धत आली. त्यात सगळा जथा एकाच ठरलेल्या वेगानं, म्होरक्याच्या मागे, एकत्र जातो. १९२१ साली ऑडॅक्स क्लब पॅरिसियननं तिसरी वाट काढली. ज्यानं त्यानं आपल्या वेगानं जावं, मुदतीत पोचावं, आणि पोचलेल्यांची क्रमवारी लावायची नाही. आपण आज जी ब्रेव्हे करतो ती ही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससुद्धा आता चार वर्षांतून एकदा अशीच होते, सर्वात मोठी मुदत ९० तासांची.

त्या नियमांतला आणखी एक नियम सोबतीच्या दृष्टीनं मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. दोन कंट्रोलच्या मधल्या रस्त्यावर मागे मदतीची गाडी चालत नाही. घरचे, मित्र, जे कोणी येतील ते कंट्रोललाच भेटणार. म्हणजे रात्री दीड वाजता आडरानात चेन तुटली, तर तुमच्याकडे फक्त तुम्ही आणि त्याच रस्त्यानं येणारा दुसरा रायडर. जिथे क्रमवारीच नाही तिथे तुमच्यासाठी थांबून त्याचं काही हरवत नाही, आणि मुदत दोघांनाही सारखीच आहे. या दोन नियमांमधून सोबत आपोआप उगवते. ती तासन् तास चाकाला चाक लावून जाण्यात शोधाल तर सापडणार नाही. तुम्हाला बहुतेक तास एकटं वाटलं, ते बरोबरच आहे. मलाही वाटतं.

एक रात्र सांगतो. एका ६००ची रात्र, पाऊस, आणि माझ्या मागच्या चाकाचं तिसरं पंक्चर. दोन्ही स्पेअर ट्यूब संपलेल्या. पॅच ओल्या रबराला चिकटत नव्हते. बोटं इतकी गारठली होती की टायर लिव्हर हातातून निसटून गवतात पडला आणि तो शोधायला मी गुडघ्यांवर बसलो तो बसूनच राहिलो. मागून एक दिवा आला, थांबला. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे असतील. नाव माहीत नव्हतं, सकाळपासून दोनदा कंट्रोलला नुसती मान हलवली होती. त्यांनी विचारलं, ‘त्याच जागी होतंय का?’ मला सांगता येईना. मग त्यांनी माझी ट्यूब हातात घेतली, हवा भरून गालाजवळ फिरवली, भोक सापडलं. व्हॉल्व्हपासून भोकापर्यंतचं अंतर त्यांनी वितीनं मोजलं आणि तेवढंच अंतर टायरवर मोजलं. नशिबानं माझ्या टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोरच होतं, तिथूनच त्यांनी मोजलं. तेव्हा मला कळलं की जुने रायडर टायर चढवताना नाव व्हॉल्व्हपाशी का जुळवतात. मग खिशातून सुती रुमाल काढला आणि टायरच्या आतून त्या जागी हळूच फिरवला. रुमाल अडकला. केसाएवढी बारीक तार होती, ट्रकच्या टायरमधून उडून आलेली. बाहेरून दिसत नव्हती, बोटाला लागत नव्हती. नेलकटरनं चिमटीत धरून त्यांनी ती ओढून काढली आणि टॉर्चसमोर धरून मला दाखवली.

मग आपली एक ट्यूब दिली. मी म्हणालो, ‘काका, तुम्हाला लागली तर?’ ते म्हणाले, ‘आता माझ्याकडे एकच उरली. पुढचं पंक्चर कुणाचंही होऊ दे, ट्यूब एकच आहे. तेव्हा शेवटपर्यंत बरोबर जाऊ.’

पहाटे चारच्या सुमाराला त्यांचं पुढचं चाक डगमगायला लागलं. बोलणं बंद झालं होतं. मी विचारलं, ‘काका, ठीक ना?’ ‘हो, ठीक.’ थोडं पुढे गेल्यावर त्यांनी स्वतःच मला शिकवलं, जड जिभेनं: ‘ठीक आहेस का असं विचारू नकोस. सगळे हो म्हणतात. विचार, शेवटचं कधी खाल्लं. विचार, पुढचा कंट्रोल किती लांब आहे. विचार, लघवीला कधी गेला होतास.’ मी तिन्ही विचारलं. त्यांना एकाचंही उत्तर देता आलं नाही. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर थांबलो. त्यांच्या जॅकेटची चेन त्यांच्या बोटांनी लागत नव्हती, ती मी गळ्यापर्यंत ओढून दिली, वेष्टन फाडून खाणं हातात ठेवलं आणि गजर लावून वीस मिनिटं त्यांना झोपू दिलं. मी झोपलो नाही, कारण दोघंही झोपलो असतो तर गजर कुणाला ऐकू आला नसता.

सोबत म्हणजे माझ्या लेखी ही. रात्री ज्या वेळी तुमची विचारशक्ती बंद पडते, त्या वेळी दुसऱ्याची चालू असते. त्याची बंद पडते तेव्हा तुमची चालू असते. दोघांची एकाच वेळी बंद पडणं त्या मानानं विरळा. म्हणून मी पंप आणि दिव्याइतकाच सोबत्याचा विचार करून निघतो. तुम्हाला ४००च्या रात्री जे हवं होतं ते धीराचे शब्द नव्हेत. वजाबाकी करून देणारं आणि वेष्टन फाडून देणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते माणूस दोन फुटांवर उभं होतं. ‘तू जा पुढे’ तुम्ही संकोचानं म्हणालात, त्याचा वेळ खातोय असं वाटून. पण त्याच्याकडेही तेवढाच दीड तास शिल्लक होता.

त्याच्या बाजूनंही बोलतो, कारण एकदा मी त्याच्या जागी होतो. ४००मध्येच एक मुलगा मला म्हणाला, ‘दादा, तुम्ही जा, मी येतो मागून.’ मी ‘नक्की ना?’ विचारलं, तो हो म्हणाला आणि मी गेलो. पुढच्या कंट्रोलला तो तासभर आला नाही. शेवटी आला, कारण दुसऱ्या दोघांना तो रस्त्याच्या अगदी कडेला, पाय डांबरावर, झोपलेला दिसला आणि त्यांनी उठवून आणला. दिवासुद्धा बंद होता. त्याला काही झालं नाही. पण ‘नक्की ना’ विचारून आपली सुटका करून घेतली, हे मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून रात्री कोणी ‘तू जा’ म्हटलं तर मी निदान तीन गोष्टी बघून जातो: तो रस्त्यापासून आत बसलाय, अंगावर कपडा आणि परावर्तक जॅकेट आहे, आणि पुढे त्याची वाट बघणाऱ्या कोणाला तरी तो कुठे थांबलाय हे कळवलंय.

६००साठी माणूस शोधताना सगळे वेग जुळवायला जातात. मी थांबा जुळवतो. दोघांच्या वेगात तासाला दोन किलोमीटरचा फरक असला तर चढ-उतारात तो मिटवता येतो. पण एकाला कंट्रोलला दहा मिनिटं लागतात आणि दुसऱ्याला तीस, ही जोडी दुपारपर्यंत एकमेकांवर चिडलेली असते. सहाशेत बारा थांबे धरले तर दर थांब्याची वीस जादा मिनिटं म्हणजे चार तास. तेवढी तुमची झोप गेली.

दुसरं, निघण्यापूर्वीच स्पष्ट बोला. दिवसा कुणी कुणासाठी थांबायचं नाही. चढावर ज्यानं त्यानं आपल्या दमानं जायचं, सोबत्याच्या वेगानं चढ मारणं म्हणजे संध्याकाळच्या मळमळीची सोय. अंधार पडला की मात्र एकत्र. कोणी सोडायचं म्हटलं तर दुसऱ्यानं आधी त्याला खायला घालायचं, मगच ऐकायचं. हे दिवसाउजेडी ठरलेलं असलं की रात्री संकोच आड येत नाही.

समोरचा वारा असेल तेव्हा आळीपाळीनं पुढे जा. मागच्याला लागणारी ताकद बरीच कमी होते, सपाट रस्त्यावर पाव हिश्शाच्या आसपास वाचते. पण पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक आडवं ओव्हरलॅप होऊ देऊ नका. खड्डा हातानं दाखवा आणि तोंडानं सांगा. झोप येत असेल तर पुढच्याच्या चाकामागे राहूच नका, बाजूला किंवा दहा मीटर मागे राहा. दमलेल्या माणसाची ब्रेक मारायची वेळ लांबते आणि पडतो तो दुसऱ्याला घेऊन. काही स्पर्धांत, उदाहरणार्थ २०१३पासून होणाऱ्या युरोपातल्या ट्रान्सकॉन्टिनेन्टल रेसमध्ये, दुसऱ्याच्या आडोशानं जायला बंदीच आहे, प्रत्येकानं स्वतःचा वारा स्वतः कापायचा. २०१९ साली ती फियोना कोल्बिंगर या जर्मन महिलेनं जिंकली, सगळ्या पुरुषांच्या पुढे. ताकदीइतकंच झोप, खाणं आणि थांबे कोण नीट सांभाळतं यावर हे अंतर ठरतं, हे तिच्या त्या विजयात मला दिसतं.

६००ची मुदत ४० तास. पहिले ४०० किलोमीटर २४ तासांत झाले तर १६ तास उरतात. राहिलेले २०० तासाला पंधराच्या हिशेबानं १३ तास २० मिनिटांचे, म्हणजे झोपेला, कंट्रोलच्या वेळा सांभाळून, दोन-अडीच तास मिळतात. दीड तासाची एक सलग झोप घ्या, आणि ती कुठे घेणार ते आधी ठरवून ठेवा. पहाटे जागा शोधत फिरण्यात अर्धा तास सहज जातो.

ताकदीचा सराव तुमचा पुरेसा आहे, ३०० वेळेत करणाऱ्याचे पाय ६०० करू शकतात. कमी आहे ती रात्र. त्या सोबत्याला फोन करा. चार आठवडे झाले तरी केला नाहीत असं लिहिलंय. तोही तुम्हाला करत नाहीये, आणि त्याचं कारण मला ‘दादा, तुम्ही जा’ म्हणणाऱ्या त्या मुलाच्या अनुभवावरून माहीत आहे. त्याला सांगा की एक रात्रीची राइड करू, १५० किलोमीटर, रात्री नऊला सुरू, दिवसभराचं काम उरकून, म्हणजे झोप खरी येईल. टायर चढवताना नाव व्हॉल्व्हपाशी जुळवून घ्या. दोन-दोन ट्यूब, एक सुती रुमाल, आणि खारट काहीतरी वरच्या खिशात, जिथे मोजे घातलेला हात पोचेल. पहाटे तीनला तो गप्प झाला की विचारा, शेवटचं कधी खाल्लं. आणि त्यानं विचारलं तर खरं उत्तर द्या.